डोमकळी, बुजगावणं आणि माझ्या कथेतला डोळा

कानबाईचं, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीचं, विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाशीत अळीचे पतंग पकडायचे कामगंध सापळे बांधत होतो आणि तिथंच, तिसऱ्या काठीपाशी, माझ्या कथेचा चार महिन्यांपासून अडकलेला भाग सुटला. तेव्हापासून जो भेटेल त्याला हेच सांगतोय, घरचे तर ऐकून ऐकून दमले, म्हणून आता इथं सगळं बसून लिहितो.

आधी कथेबद्दल. मी अमळनेर तालुक्यातला, बोरीच्या काठावरच्या गावचा. घरची कपाशी, थोडी ज्वारी, आणि गेली दोन वर्षं रात्री जेवणं झाली की ओट्यावर बसून मोबाइलवर एक लांबलचक कथा लिहितोय. लढाईची आहे. काळ पुढचा, पन्नास-साठ वर्षांनंतरचा, देश दोन्ही खोटे, पण जमीन मात्र मी आपलीच घेतलीय, म्हणजे उन्हाळ्यात कोरडी पडलेली रुंद नदी, दोन्ही बाजूंना दरडी, मागं काळी वावरं आणि लांब सातपुड्यासारखी डोंगराची निळी रेघ. अकरा जणांच्या तुकडीला त्या नदीचा एक उतार, म्हणजे पार करायची जागा, सहा दिवस धरून ठेवायचीय, कारण मागची गावं खाली होतायत, बाया-पोरं-गुरंढोरं निघालीयत आणि त्यांना तेवढा वेळ पाहिजे. समोरच्या सैन्याकडं माणसं थोडी, पण वर एक यंत्रणा आहे जिला माझे जवान नुसतं 'डोळा' म्हणतात. उंचावर ड्रोन, त्याच्याही वर फुगे, जमिनीत पुरलेले कान, आणि हे सगळं एकत्र वाचणारा एक मेंदू. माणूस दिसला की दीड मिनिटात त्याच्यावर काहीतरी येऊन पडतं.

आता प्रश्न असा की हे अकरा जण सहा दिवस जगतील कसे. सोपं उत्तर मला नको होतं. शेवटच्या पानावर कुणीतरी लॅपटॉप उघडतो, दोन बटणं दाबतो आणि शत्रूची यंत्रणा बंद पडते, असलं काही लिहायचं म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक आहे असं मला मनापासून वाटतं. मे २०२५ मध्ये सीमेवर एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले असं आपल्या सरकारनं सांगितलं तेव्हा गावातल्या तीन घरांत झोप नव्हती, त्यांची पोरं तिकडं होती. अशा गोष्टीवर लिहायचं तर ती खरी कशी चालते ते समजून घेऊनच लिहिलं पाहिजे.

तर समजून घेतलं ते असं. निशाणा लावणं हे एक काम नाहीच, ती साखळी आहे, फौजेत तिला किल चेन म्हणतात. आधी शोधायचं, मग जागा पक्की करायची, मग नजर हटू द्यायची नाही, मग कुणाला आणि कशानं मारायचं ते ठरवायचं, मग मारायचं, आणि शेवटी बघायचं की मेला का. सहा कड्या. यातली कुठलीही एक तुटली तरी बाकीच्या पाच फुकट जातात. मी सुरुवातीला फक्त पहिल्या कडीवर अडून बसलो होतो, म्हणजे दिसायचंच नाही. बहुतेक सगळे तिथंच अडतात.

दिसायचं नाही म्हणजे काय ते बघायला मी मे महिन्यात एक प्रयोग केला. माझा एक मित्र साक्रीकडच्या सोलर प्लांटवर आहे, प्लेटी कुठं जास्त तापतात ते शोधायला त्याच्याकडं थर्मल कॅमेरा असतो, स्वतःचाही एक छोटा, मोबाइलला लावायचा त्यानं घेतलाय. तो सुट्टीला आला तेव्हा त्याला आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, बसवलं आणि मी समोरच्या नांगरलेल्या वावरात जाऊन उभा राहिलो. दुपारचे दोन, पारा ४५ च्या आसपास, जमीन अशी तापलेली की चपलेतून चटका बसत होता. मला वाटलं होतं मी दिव्यासारखा चमकणार. फोटो बघितला तर उलटंच, सगळं वावर पांढरं फक्क आणि मधोमध मी काळा ठिपका! जमीन माझ्यापेक्षा कितीतरी गरम, मग मी थंड दिसणार, साधी गोष्ट आहे पण डोक्यात आली नव्हती. काळी छत्री उघडून तिच्याखाली बसलो तर मी दिसेनासा झालो पण छत्रीच तापून नांगरटीत वेगळी दिसायला लागली, आणि मोकळ्या वावरात एक गोल गरम चकती म्हणजे या इकडं असं सांगितल्यासारखंच. मग गाडीत काच लावून बसलो, तर काचेतून काही म्हणजे काहीच दिसेना, थर्मल कॅमेऱ्याला काच ही भिंत आहे. आणि पातळ काळी प्लास्टिकची पिशवी, जिच्यातून आपल्या डोळ्यांना काही दिसत नाही, तिच्यात हात घातला तर पाची बोटं स्वच्छ दिसली. तो मित्र हसत होता, त्याला हे रोजचं आहे, पण माझ्या तीन प्रकरणांचा पाया त्या दुपारी ढासळला कारण मी माझ्या जवानांना काळ्या प्लास्टिकखाली झोपवलं होतं.

संध्याकाळी मात्र खरी गंमत बघितली. सूर्य बुडाल्यावर जमीन निवत गेली आणि मी परत त्याच जागी उभा राहिलो, मित्र वरून ओरडून सांगत होता, पाय गेले, शर्ट गेला, आता नुसता चेहरा दिसतोय, आता तोही पुसट. काही मिनिटं अशी आली की जमीन आणि मी एकाच तपमानाला आलो आणि स्क्रीनवर सगळं राखाडी. त्यानंतर जमीन आणखी निवली आणि मी हळूहळू उजळत गेलो, नऊ वाजता मी खरंच कंदिलासारखा दिसत होतो. दिवसातून असं दोनदा होतं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, याला थर्मल क्रॉसओव्हर म्हणतात आणि सगळ्या फौजांना ते माहीत असतं. ते राखाडी फोटो मी जपून ठेवलेत.

पण डोळा एकाच प्रकारानं थोडाच बघतो. थर्मल आंधळं झालं तर साधा कॅमेरा आहे, तोही झाला तर रडार आहे, आवाज ऐकणारे कान आहेत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खिशातला मोबाइल आहे. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं होतं की पळायला जाणाऱ्यांच्या एका अ‍ॅपनं जगभराचा नकाशा टाकलाय आणि त्यात वाळवंटात मधेच चमकणारे चौकोन दिसतायत, ते म्हणजे सैनिकांचे तळ, कारण सैनिक रोज सकाळी घड्याळ लावून तळाभोवती पळायचे! कुणी हेर पाठवला नव्हता, काही नाही. स्वतःच्या पायांनी काढलेला नकाशा.

हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, वाट. एवढंच. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले, कारगिलला होते, पण त्याबद्दल फार बोलत नाहीत, विचारलं तर शेतीचं काहीतरी काढतात. त्या दिवशी बोलले. म्हणाले, जाळं टाकून तोफ कितीही झाका, चहाच्या भांड्यापासून तोफेपर्यंत चार दिवस माणसं गेली-आली की पायवाट पडते, आणि वरून फोटो काढणाऱ्याला तोफ दिसायची गरजच नाही, वाट जिथं संपते तिथं टाकायचं. आपल्याच वावरात बघ, विहिरीकडं जाणारी वाट कुणी आखली का, ती पडते. मग त्यांनी गोळ्याचं सांगितलं. समोरच्यांकडं असं रडार होतं की आपला गोळा हवेत असतानाच त्याची कमान मोजून तो कुठून सुटला ते काढायचं, आणि मग तिकडून उलटा मारा यायचा. आपल्याकडं तेव्हा तसलं नव्हतं, नंतर डीआरडीओ आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सनं 'स्वाती' नावाचं केलं. "गोळा सुटना का जागा सोडनी," नाना म्हणाले, "पन डोंगरमा जागा सोडीसन जाशी कथा?" म्हणजे डोंगरात जागा सोडून जाशील कुठं? यावर माझ्याकडं काही उत्तर नव्हतं आणि त्यांनाही ते नको होतं.

त्या बोलण्यानंतर मी पहिलं प्रकरण नव्यानं लिहिलं. त्यात आता तुकडीतला सगळ्यात तरणा पोरगा रोज रात्री बाभळीची फांदी घेऊन वाटा मोडतो, आणि एक खोटी वाट पाडतो, जिच्या शेवटी काहीही नसतं. ती खोटी वाट मला फार आवडली. तिथून मी लपण्याकडून फसवण्याकडं वळलो.

फसवणं हे आपल्याला नवीन नाही, ज्वारी पेरणाऱ्या प्रत्येकाला येतं. वडील बुजगावणं करतात ते बघण्यासारखं असतं. काठीला मडकं अडकवून झालं असं ते कधीच म्हणत नाहीत. स्वतःचा वापरलेला शर्ट घालतात, बाह्या वाऱ्यावर हलतील अशा मोकळ्या ठेवतात, आणि मुख्य म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलतात, कधी टोपी काढतात, कधी बसलेलं करतात. एकाच जागी चार-पाच दिवस उभं राहिलं की चिमण्या त्याच्या खांद्यावर बसतात, हे मी लहानपणापासून बघतोय. चमकणारी लाल-चंदेरी पट्टी वावरावर ताणतात तिचंही तेच, आठ दिवस पाखरं लांब, मग पट्टीखालून आत. शेवटी माळ्यावर बसून गोफण फिरवणारं माणूसच लागतं.

इतिहासात बघितलं तर हेच मोठ्या मापात केलेलं आहे. १९४२ मध्ये इजिप्तच्या वाळवंटात, अल अलामीनच्या लढाईआधी, इंग्रजांनी रणगाड्यांवर कापडाचे सांगाडे चढवून त्यांचे ट्रक केले आणि दुसरीकडं खोटी पाण्याची पाइपलाइन टाकली. ती पाइपलाइन कशाची, तर पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांची. चर खणायचा, बाजूला डबे मांडायचे, दिवसभर जर्मन विमानांना दिसू द्यायचे, रात्री चर बुजवायचा आणि तेच डबे पुढच्या तुकड्याला न्यायचे. जर्मनांनी बघून हिशोब केला की ही लाइन अजून पूर्ण व्हायचीय म्हणजे हल्ला लांब आहे, आणि दक्षिणेकडून आहे. दोन्ही चुकीचं. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे, की त्यांनी शत्रूला खोटी वस्तू तर दाखवलीच, वर खोटा वेग दाखवला, आणि हिशोब त्याचा त्यालाच करू दिला. माणूस दुसऱ्याच्या सांगण्यावर शंका घेतो, स्वतःच्या हिशोबावर घेत नाही. युक्रेनच्या युद्धातही लाकडाचे रॉकेट लाँचर उभे केले आणि महागाची क्षेपणास्त्रं त्यांच्यावर येऊन पडली, ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं.

माझ्या कथेत दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी माझे जवान हेच करतात. मातीची माणसं, आत कोळशाची शेगडी, वर ओलं गोणपाट, म्हणजे तपमान बरोबर अंगाएवढं राहावं. आणि शेवटच्या कडीची आठवण ठेवून, मेला का बघायची जी कडी, त्यांनी त्या पुतळ्यांना मरायला पण शिकवलं. मेलेलं माणूस लगेच थंड पडत नाही, तास न् तास हळूहळू निवतं, म्हणून शेगडीवर राख अशी ओढायची की डोळ्याला वाटावं हा खराच गेला. हे लिहिताना मला दोन रात्री झोप लागली नाही. आमचे आजोबा गेले तेव्हा मी त्यांचा हात धरून बसलो होतो, तो हात कसा निवत गेला ते मला माहीत होतं, तेच मी त्या पानात टाकलंय.

आणि मग चौथ्या दिवशी डोळा शिकतो. इथं मी अडकलो.

शिकतो म्हणजे काय ते खान्देशात कापूस पिकवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, बोंडअळी त्यातलं विष खाऊन मरायची, पहिली काही वर्षं आमच्या वडिलांनी फवारणीचा पंप जवळजवळ माळ्यावर टाकला होता. बियाण्याच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची १२० ग्रॅमची एक पुडी यायची, ती कडेनं लावायची असायची. का, तर काही अळ्या विषाशिवाय जगाव्यात, म्हणजे विष पचवणाऱ्या एखाद्या अळीचा पतंग झाला तर त्याला जोडीदार साधा मिळावा आणि ती ताकद पुढं वाढू नये. किती जणांनी ती पुडी लावली? आम्हीही लावली नाही, हे मी खरं सांगतो, आम्हाला वाटायचं जागा वाया जाते. त्यात फरदड, पाणी असेल तर मार्च-एप्रिलपर्यंत पीक उभं ठेवायचं. गुलाबी बोंडअळीला आम्ही वर्षभर शाळेत बसवलं आणि एकच धडा रोज शिकवला. २०१७ ला तिनं आख्ख्या महाराष्ट्राची परीक्षा घेतली. त्या वर्षी आमच्या वावरात मी पहिल्यांदा डोमकळी बघितली, म्हणजे फूल उमलतच नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या पीळ घालून मिटलेल्या, आणि उकलून बघितलं तर आत ती बसलेली. वरून फूल छान दिसतं. बोंडंही वरून हिरवीगार, फोडली की आत सरकी पोखरलेली.

एकच युक्ती, सगळीकडं, रोज वापरली की शत्रू तिच्यातून शिकतो. लढाईतही हेच आहे आणि ते माणसांना फार आधी कळलंय. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांना सापडलं होतं की रडारच्या लहरीच्या निम्म्या लांबीच्या चंदेरी पट्ट्या हवेत सोडल्या की रडारवर हजारो खोटी विमानं दिसतात. जर्मन रडारसाठी ती लांबी साधारण २७ सेंटीमीटर. पण त्यांनी ते बराच काळ वापरलंच नाही, का तर आपण वापरलं की जर्मनही आपल्यावर वापरतील. आणि तिकडं जर्मनांनाही हेच सापडलं होतं आणि तेही याच भीतीनं गप्प बसले होते! शेवटी २४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर त्या पट्ट्यांचा पाऊस पडला, जर्मन रडार भांबावली, आणि त्या आठवड्यात ते शहर जळालं, हजारो साधी माणसं मेली. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहितोय. पट्ट्यांची गोष्ट सांगणारे बरेच जण तिथं थांबत नाहीत.

आजच्या यंत्राचंही तसंच. २०१७ मध्ये एमआयटीतल्या काही संशोधकांनी थ्रीडी प्रिंटरवर एक कासव छापलं, त्याच्या पाठीवर रंगाची अशी नक्षी की कुठूनही बघितलं तरी कॉम्प्युटर त्याला बंदूक म्हणायचा. वाचून मी उड्या मारल्या होत्या, माझ्या जवानांच्या अंगावर असलीच नक्षी घालायची ठरवली होती. पण जरा विचार केला की कळतं, ती नक्षी त्या एका मेंदूसाठी शिवलेली असते, उद्या मेंदू नव्यानं शिकवला की तुमचा सदरा म्हणजे नुसता रंगीत सदरा, किंवा त्याहून वाईट, ओळखण्याची खूण. ड्रोनचं बघा ना, रेडिओ जाम करायला लागले तर समोरच्यांनी ड्रोनच्या मागं काचेचा धागा सोडला, सिग्नल त्यातूनच, मासे धरायच्या गळासारखा, दहा-वीस किलोमीटर, आता जाम काय करणार? मग त्याच्यासाठी रस्त्यांवर जाळी बांधायला लागले, मासेमारीची जुनी जाळी. एका वर्षाची युक्ती पुढच्या वर्षी शिळी.

तर माझ्या चौथ्या दिवसाचं काय. चार महिने मी वेगवेगळी बुजगावणी बनवत होतो आणि डोळा प्रत्येकाला ओळखत होता, कारण कथेतला डोळा पण मीच, मला माझी प्रत्येक युक्ती माहीत.

आता त्या सकाळकडं येतो. कामगंध सापळा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पिवळं नरसाळं, खाली लांब प्लास्टिकची पिशवी, वर टोपीखाली एक छोटी रबरी गोळी, तिला ल्यूर म्हणतात. तिच्यात मादी पतंगाचा वास असतो, नर त्या वासावर येतो आणि पिशवीत पडतो. पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण फूटभर वर बांधायचा. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की समजायचं आता फवारल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे हा सापळा मारण्यासाठी कमी आणि मोजण्यासाठी जास्त, तो आमचा डोळा आहे. तिसरी काठी रोवत होतो तेव्हा शेजारच्या बांधावरून एक दादा आले आणि म्हणाले, ते दुसरं आलंय ना, दोरीसारखं, झाडालाच बांधायचं, ते लावलं तर सापळे चालत नाहीत म्हणे. मी म्हटलं का? तर म्हणाले, आख्ख्या वावरात मादीचा वास भरतो, नराला कळतच नाही कुठं जायचं, तुझ्या ल्यूरकडं पण येत नाही आणि खऱ्या मादीकडं पण जात नाही.

मी तार हातात धरून तसाच उभा राहिलो.

त्या वासाला गॉसिप्लूर म्हणतात, आणि वावरभर तो सोडून मीलन रोखायची ही पद्धत गुलाबी अळीवर चालते कारण तिथं मादीला कुणी लपवत नाही. खोटी मादीही कुणी करत नाही. वास सगळीकडं आहे, म्हणून वासाला अर्थच उरत नाही. पतंगाचं नाक शाबूत आहे, ते बरोबर काम करतंय, आणि तेच त्याला निकामी करतंय. मी इतके दिवस डोळ्याला 'इथं माणूस नाही' किंवा 'तिथं माणूस आहे' असं खोटं सांगत होतो, आणि खोटं पकडता येतं. त्याऐवजी त्याला म्हणायचं, सगळीकडं माणूस आहे. नदीपात्रात, दरडीवर, वावरात, विहिरीत, दहा हजार ठिकाणी अंगाएवढी ऊब, दहा हजार ठिकाणी पायांचा आवाज, सगळं खऱ्यासारखं, मग डोळा बघू दे किती बघतो. त्याच्याकडं गोळे दहा हजार नाहीत. साखळीतली चौथी कडी, निवडायची, ती मोडली.

घरी येऊन जेवायच्या आधी लिहायला बसलो. आईनं दोनदा हाक मारली, कळण्याची भाकरी थंड झाली. रात्रीपर्यंत तो चौथा दिवस लिहून झाला आणि त्याच झोकात पाचवाही लिहिला, आणि पाचव्यात मी एक चूक केली, ती इथं सांगितलीच पाहिजे.

पाचव्या दिवशी माझ्या जवानांच्या शेगड्या संपतात. मग त्यांचा सुभेदार म्हणतो, खोटी माणसं संपली पण खरी आहेत की, मागच्या गावांतली निघालेली माणसं. त्यांच्यात मिसळा. वर्दी काढा, डोक्याला रुमाल बांधा, हातात कुदळ घ्या, बंदूक कापसाच्या गठुड्यात. डोळ्याला शिकवलंय की शेतकऱ्याला मारायचं नाही, तर शेतकरी व्हा. मला ते लिहिताना अंगावर काटा आला होता, इतकं हुशार वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांना वाचून दाखवलं.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. अडकित्त्यानं सुपारी कातरत होते, ती थांबवली. मग म्हणाले, "हाई लिखू नको."

मी म्हटलं, का नाना, डोळा फसतो ना?

"डोळाले एकदाव समजनं ना, का जवान कुदळ लिसन फिरतस, मंग तो कुदळवाला सम्दास्ले मारी."

आणि समोर वावराकडं बघत बसले. समोर वडील कुदळ खांद्यावर घेऊन येत होते, हे मी रचून सांगत नाहीये, रोज त्याच वेळेला येतात.

नंतर मी शोधलं तर हे नियमातच आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जो पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल जोडला त्याचं ३७ वं कलम. त्यात दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात. छद्मावरण, खोटी ठाणी, खोट्या हालचाली, खोटी बातमी हे चालतं, ती लढाईतली चलाखी आहे. पण ज्याला नियमानं संरक्षण आहे त्याचं सोंग घेऊन, म्हणजे साधा नागरिक आहे असं दाखवून, समोरच्याचा विश्वास कमावून त्याला मारणं, तो विश्वासघात, तो चालत नाही. मला वाटायचं असले नियम म्हणजे मोठ्या लोकांनी गार हवेत बसून लिहिलेले. पण नानांनी जे सांगितलं ते नेमकं त्याचं कारण आहे. त्या कलमानं वाचतो तो वर्दीवाला नाही, कुदळवाला वाचतो. आणि यंत्राच्या काळात तर हे दहापट खरं, कारण यंत्र नक्की शिकतं, अळी शिकली तसं, आणि एका तुकडीनं केलेली लबाडी ते आख्ख्या मुलखावर लावतं.

पाचवा दिवस मी पुसला. साडेतीन हजार शब्द होते. नव्या पाचव्या दिवशी सुभेदार तेच सुचवतो, आणि वाटा मोडणारा तो तरणा पोरगा नाही म्हणतो, कारण निघालेल्या माणसांत त्याची आई आहे. त्याउलट ते अकरा जण माणसांपासून होता होईल तितके लांब जातात, पात्राच्या उघड्या वाळूत, आणि त्या राखाडी मिनिटांची वाट बघतात, जमीन आणि अंग एक होतं ती. तिथं माझे मे महिन्याचे फोटो कामाला आले. किती जण पलीकडं पोचतात ते अजून लिहिलेलं नाही, रोज आकडा बदलतो.

काल रात्री लिहीत होतो तर साडेबाराला थ्री फेज वीज आली. पावसानं ओढ दिलीय, कपाशी माना टाकायला लागलीय, मोटर चालू करायला जायलाच पाहिजे होतं. बॅटरीचं चार्जिंग संपलेलं, मोबाइल ओट्यावरच ठेवला, अंधारातच निघालो, वाट पायाखालची आहे. नाना त्यांच्या वावराच्या बांधावर खाट टाकून झोपतात, रानडुकरांसाठी. मी त्यांच्या खाटेपासून तीसएक पावलांवर असेन, कणसं सळसळली असतील थोडी, तर अंधारातून एकदम आवाज आला, झोपेतला नाही, पूर्ण जागा,

"थम! कौन आता है?"

मी जागच्या जागी थांबलो. वीस वर्षं झाली त्यांना घरी येऊन.

"मी शे, नाना."

खाट करकरली. "ये," म्हणाले, "दखीसन ये, तार शे तथी."